मूल १८ चं होतंय आणि आयईपी आहे? मग आधी सह्यांचं बघा

आमच्या थोरल्याचा शाळेत आयईपी आहे, म्हणजे स्पेशल एज्युकेशनसाठी खास त्याच्यापुरता लिहिलेला प्लॅन. त्याला अठरा पूर्ण झाली आणि दोन आठवड्यांत शाळेतून एकाच दिवशी दोन पाकिटं आली, एक आमच्या नावाचं आणि एक चक्क त्याच्या नावाचं. आत कागद तोच, दर तीन वर्षांनी होणाऱ्या री-इव्हॅल्युएशनची, म्हणजे मुलाच्या फेरतपासणीची, परवानगी. मी नेहमीसारखी आमच्या कागदावर सही ठोकली, स्कॅन केला, पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्याचा आयईपी सांभाळणाऱ्या केस मॅनेजरचा फोन, एकदम गोड आवाजात, की तुमची सही आता चालत नाही, त्याची लागेल. आणि त्याचा कागद कुठे? तर त्याने पाकीट कात्रीने नीट कडेकडेने कापलं होतं, कागदाची परत घडी घातली होती आणि मेट्रा ट्रेनची टाइमटेबलं ठेवतो त्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. त्याच्या नावाने आलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र, ते तो परत का देईल?

तो ऑटिस्टिक आहे, बोलतो पण मोजकं. आणि हे सगळं असं होणार हे आम्हाला वर्षभर आधी मीटिंगमध्ये सांगितलं होतं बरं का, एक ओळ होती, त्यांनी वाचून दाखवली, मी मान डोलावली आणि पुढच्या मिनिटाला बसच्या वेळेवरून भांडायला लागले. तर ज्यांची मुलं आत्ता आठवी-नववीत आहेत किंवा जे नुकतेच पुण्या-नाशिकहून इकडे येऊन आयईपी हा शब्द शिकतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो त्यामुळे बारीकसारीक नियम इलिनॉयचे सांगतेय, तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथले नियम बघा, पण वरचा फेडरल कायदा सगळीकडे एकच.

आधी समजून घ्या की नक्की काय बदलतं

स्पेशल एज्युकेशनचा कायदा म्हणजे आयडीईए, बोलताना सगळे आयडियाच म्हणतात. मूळ कायदा १९७५ चा, हे नाव १९९० मध्ये मिळालं, आणि पालकांचे अधिकार मुलाकडे जाण्याचं कलम १९९७ च्या दुरुस्तीत आलं. त्यात असं आहे की मूल राज्याच्या कायद्याने सज्ञान झालं की आईवडिलांना असलेले शिक्षणाचे सगळे अधिकार राज्य मुलाकडे सोपवू शकतं. बहुतेक राज्यांत हे वय १८. अलाबामा आणि नेब्रास्कात सज्ञान होण्याचं वय १९, मिसिसिपीत २१. म्हणजे पहिलं काम हेच, आपल्या राज्यात अधिकार कितव्या वर्षी जातात ते शाळेच्या डिस्ट्रिक्टला ईमेल करून लेखी विचारा, नुसतं फोनवर ऐकू नका.

अधिकार म्हणजे कुठले? इव्हॅल्युएशनला हो किंवा नाही म्हणणं, मीटिंगला बोलावलं जाणं, रेकॉर्ड बघणं, शाळेच्या तपासणीशी पटलं नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरची तपासणी मागणं, मीडिएशन म्हणजे मध्यस्थ बसवून तोडगा, ड्यू प्रोसेसची केस म्हणजे शाळेविरुद्ध रीतसर सुनावणी. आणि शेवटचा एक आहे तो दोनदा वाचा: लेखी देऊन सगळी स्पेशल एज्युकेशन सर्व्हिसच बंद करणं. हो, तुमचं अठरा वर्षांचं लेकरू एका कागदावर लिहून देऊन सगळं बंद करू शकतं.

तुमच्याकडे काय उरतं? शाळेने पाठवायच्या नोटिसा तुम्हालाही येत राहतात, म्हणून ती दोन पाकिटं. मीटिंगला मात्र तुम्ही आता हक्काने बसत नाही, मुलाने किंवा शाळेने ‘याला मुलाबद्दल माहिती आहे’ म्हणून बोलावलं तर बसता. ऐकून पोटात गोळा येतो ना? माझ्याही आला. प्रत्यक्षात आम्हाला मीटिंगबाहेर कोणी कधी काढलं नाही, पण खुर्ची कोणाच्या हुकमावर आहे ते माहीत असलेलं बरं.

आणि हो, हे आपोआप होतं. कोणी तुमच्या मुलाची परीक्षा घेत नाही की त्याला समजतं का नाही. कोर्टाने आधीच वेगळं ठरवलेलं नसेल तर वाढदिवसाच्या सकाळी तो सज्ञान, विषय संपला.

सतराव्या वर्षीची मीटिंग झोपेत काढू नका

फेडरल नियम असा की सज्ञान होण्याच्या किमान एक वर्ष आधी, मुलाला त्याच्या येणाऱ्या अधिकारांबद्दल सांगितलं आहे असं आयईपीत लिहिलेलं असलंच पाहिजे. मुलाला सांगितलं, हां. आमच्या केसमध्ये त्या मीटिंगला तो पाच मिनिटं आला, पिझ्झाचा तुकडा घेतला आणि गेला, आणि कागदावर टिक मार्क. तुम्ही असं करू देऊ नका. मुलगा खोलीत असताना, त्याला कळेल अशा भाषेत, हवं तर चित्रं दाखवून सांगा असं म्हणा, आणि हे मीटिंगच्या आधीच ईमेलने कळवा. इलिनॉयमध्ये मीटिंगमध्ये चर्चेला येणारे कागद तीन शाळेचे दिवस आधी घरी पाठवावे लागतात, तेव्हा ते पान शोधा आणि त्याला घरी मराठीतून समजवा.

इलिनॉयवाल्यांनी याच मीटिंगमध्ये ‘डेलिगेशन ऑफ राइट्स’ चा फॉर्म मागून घ्यायचा. शाळेने तो १७ व्या वर्षीच्या मीटिंगमध्ये द्यायचाच असतो, पण कागदांच्या गठ्ठ्यात तो कुठेतरी मधेच असतो आणि आपण तो गठ्ठा घरी आणून मायक्रोवेव्हवर ठेवतो. त्या फॉर्मचं पुढे सांगते.

मुलाला निर्णय घ्यायची सवय लावा, आणि हे चौदाव्या वर्षापासून

सगळ्यात जास्त वेळ याला लागतो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्यावरच. इलिनॉयमध्ये ट्रान्झिशन प्लॅन, म्हणजे शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी, साडेचौदाव्या वर्षी सुरू होतो, फेडरल नियमाने १६. तोच मुहूर्त धरा.

आमची चूक सांगते. अठरा झाल्यानंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये केस मॅनेजरने त्याच्याकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, स्पीच थेरपी चालू ठेवायची का. तो म्हणाला, नो. सात माणसं माझ्याकडे बघायला लागली. तेरा वर्षं ज्या स्पीचसाठी मी भांडले, ईमेलवर ईमेल लिहिले, ती एका शब्दात गेली असती. नशीब स्पीच थेरपिस्ट शहाणी होती, तिने दोन कार्डं काढली, एकावर ‘स्पीच नको’ आणि एकावर ‘मंगळवारी नको’, आणि त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं. मंगळवारी स्पीचच्या वेळेला कुकिंगचा क्लास असायचा आणि त्याचं दर आठवड्याला पॅनकेक हुकत होतं. त्याचं ‘नो’ एकदम बरोबर होतं, आमचा प्रश्न चुकीचा होता.

त्यानंतर आम्ही घरी सुरू केलं ते आधीच करायला हवं होतं. प्रश्न दोन पर्यायांचा विचारायचा, हो-नाही चा नाही, कारण कंटाळा आला की त्याचं उत्तर कायम नाहीच असतं. घरात मराठी बोलतो म्हणून ‘नको’ त्याला आतून कळतं, इंग्लिश ‘नो’ तो न समजलेल्या प्रश्नालाही फेकतो, हा फरक आम्ही शाळेला लेखी कळवला आणि तो आता आयईपीत आहे. तुमच्या मुलाचा असा काही फरक असेल तर नक्की लिहून घ्या.

मग सही. सही म्हणजे झोकदार काही लागत नाही, त्याला छापील अक्षरात नाव लिहिता येतं, तीच त्याची सही. आम्ही पटेलच्या किराण्याच्या यादीवर सराव केला. यादी वाचायची, त्यात नको असलेलं एक खोडायचं आणि मग सही करायची. खोडायचं हे महत्त्वाचं, त्याला कळायला हवं की सही करायच्या आधी कागद बदलता येतो. दोन महिने आमच्या घरी कारलं आलं नाही.

मीटिंगच्या हजेरीच्या कागदावरची सही फक्त ‘मी आलो होतो’ एवढ्यापुरती असते आणि संमतीच्या फॉर्मवरची वेगळी, हेही त्याला आणि तुम्हालाही माहीत असू दे. मला चौथ्या वर्षी कळलं.

आता कागद कुठला करायचा

इथे आपल्या मंडळींची गाडी सुसाट गार्डियनशिपवर, म्हणजे कोर्टाकडून मुलाचे निर्णय स्वतःकडे घेण्यावर, जाते. कोणाच्या तरी ओळखीतल्याने केलेलं असतं, त्याने वकिलाचा नंबर दिलेला असतो, आणि गणपतीच्या जेवणात पानावर बसल्या बसल्या ठरतं की आपणही करून टाकू. थांबा जरा. सगळ्यात हलक्या कागदापासून सुरुवात करा आणि त्याने काम भागत नसेल तरच वरचा घ्या.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे. मुलाला शिकायला अडचण आहे पण स्वतःचं समजतं, डिस्लेक्सिया, एडीएचडी वगैरे, तर सही त्याचीच राहू दे, तुम्ही बाजूला बसा. अशा मुलाला अठराव्या वर्षी घरात मत विचारायला सुरुवात करणं हे खरं काम, कागदाचं काम काहीच नाही.

त्याच्या वर डेलिगेशन ऑफ राइट्स. इलिनॉयच्या शाळा कायद्यात हे स्पष्ट दिलंय आणि माझ्या मते बहुतेक घरांना एवढंच पुरतं. अधिकार मुलाचेच राहतात, तो फक्त म्हणतो की शिक्षणाचे निर्णय माझ्या वतीने आई घेईल, किंवा बाबा, किंवा मावशी, त्याला हवं ते मोठं माणूस. त्याची सही आणि ज्याला अधिकार दिले त्याची सही. एक वर्ष चालतो, दरवर्षी नवा करायचा, आणि मुलगा कधीही रद्द करू शकतो. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी व्हिडिओ किंवा ऑडिओसारख्या दुसऱ्या मार्गानेही चालतं. कोर्ट नाही, वकील नाही, खर्च शून्य. फक्त मुलाला ‘मी आईला माझ्यासाठी करायला सांगतोय’ इतपत कळत असलं पाहिजे. आम्ही हाच केला. डायनिंग टेबलवर, एका बाजूला आईचा फोटो आणि एका बाजूला बाबांचा ठेवून, कोण करेल विचारलं. त्याने बाबांवर बोट ठेवलं. तेरा वर्षं ईमेल मी लिहिले आणि बोट बाबांवर! असो. बाबांना त्यादिवशी आयुष्यात पहिल्यांदा आयईपी पूर्ण वाचावा लागला, त्यामुळे झालं ते बरंच झालं.

तिसरा प्रकार सपोर्टेड डिसिजन-मेकिंग. इथे निर्णय मुलगाच घेतो, पण माहिती गोळा करायला, समजवून सांगायला, ठरलं ते समोरच्याला कळवायला मदतीचं माणूस कोण हे लिहून ठेवायचं. टेक्सासने २०१५ मध्ये याचा पहिला कायदा केला, इलिनॉयमध्ये २०२२ पासून आहे. हा विषय लोकांना कळला तो व्हर्जिनियाच्या जेनी हॅचमुळे, तिला डाउन सिंड्रोम, २०१३ मध्ये तिने कोर्टात सांगितलं की मला कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते मला ठरवायचंय, आणि कोर्टाने तिला तिच्या पसंतीच्या माणसांकडे राहू दिलं. शिक्षणाबरोबर डॉक्टर, पैसे, राहणं यातही हा करार कामाला येतो, म्हणून डेलिगेशनच्या जोडीला करणारेही आहेत.

आणि मग गार्डियनशिप. काउंटीच्या सर्किट कोर्टात अर्ज, डॉक्टरांचा रिपोर्ट, आणि त्यातल्या तपासण्या अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतल्याच हव्यात, त्यामुळे सहा महिने आधी काढलेला रिपोर्ट घेऊन गेलात तर परत पाठवतात. मुलाची बाजू बघायला कोर्ट गार्डियन अॅड लायटम नेमू शकतं. मर्यादित गार्डियनशिपही मिळते, सगळी एकदम मागायलाच हवी असं नाही. गार्डियन झाल्यावर शाळेचे अधिकार गार्डियनकडे येतात, पण त्याबरोबर मुलाच्या बाकी आयुष्यातलेही बरेच निर्णय त्याच्या हातून जातात आणि ते परत मिळवणं सोपं नाही. मी याच्या विरोधात आहे असं नाही. ज्या मुलाला कुठल्याच मार्गाने हो-नाही सांगता येत नाही, ज्याची ऑपरेशनं, औषधं चालू आहेत, किंवा ज्याच्याकडून कोणीही कशावरही सही घेईल अशी भीती आहे, तिथे ती लागते आणि त्या आईवडिलांना कोणी अपराधी वाटायला लावू नये. फक्त शाळेच्या एका सहीसाठी एवढी मोठी गोष्ट करू नका. शाळेतलं कोणी ‘तुम्हाला गार्डियनशिप घ्यावीच लागेल’ म्हणालं तर शांतपणे म्हणा, हे कुठल्या नियमात आहे ते मला लेखी द्या. आम्हालाही एकाने सांगितलं होतं, लेखी मागितल्यावर विषय परत निघाला नाही.

शिकागोत याची फुकट माहिती फॅमिली रिसोर्स सेंटर ऑन डिसॅबिलिटीज आणि इक्विप फॉर इक्वॅलिटी यांच्याकडे मिळते. वकिलाला पैसे द्यायच्या आधी तिथे फोन करा.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, आईबापांनी पोराच्या सहीसाठी कोर्टात जायचं, असलं तिकडेच चालतं बाई. त्यांना मी सांगितलं की आई, आपल्याकडेही तेच आहे, अठरानंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे आणि त्यात कलेक्टरच्या कमिटीकडे अर्ज करावा लागतो. मुलाच्या नावावर पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांनी हे वाक्य परत वाचा, इथला कागद तिथे आपोआप चालेल असं धरून बसू नका.

डिप्लोमाच्या नादात सर्व्हिस घालवू नका

अठराव्या वर्षी मुलाचे मित्र ग्रॅज्युएट होत असतात, टोपी-गाऊन, फोटो, घराच्या लॉनवर बोर्ड. मुलाला पण हवं असतं आणि आता त्याचं हो हे कायद्याने हो आहे. पण रेग्युलर हायस्कूल डिप्लोमा घेतला की स्पेशल एज्युकेशनचा हक्क तिथेच संपतो. न घेता थांबला तर इलिनॉयमध्ये ज्या शाळेच्या वर्षात बावीस पूर्ण होतात त्या वर्षाच्या शेवटापर्यंत ट्रान्झिशन प्रोग्राम मिळतो, जॉब कोचिंग, बसचा प्रवास, स्वयंपाक, सगळं त्यात. चार वर्षं असतात ती!

तर इलिनॉयमध्ये ब्रिटनीज लॉ म्हणून आहे, त्याने मुलगा आपल्या वर्गाबरोबर स्टेजवर चालू शकतो, पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट घेतो, आणि डिप्लोमा न घेता पुढे शाळेत चालू राहतो. आमच्याने हेच केलं. त्या दिवशी आजोबांनी नाशिकहून पाठवलेली पैठणीच्या काठाची उपरणी गाऊनवर घातली होती, ती अजून काढायला तयार नसतो.

बाकीचं पटापट

शाळेचे रेकॉर्ड फर्पा कायद्याखाली येतात, तेही १८ ला मुलाकडे जातात. पण मुलगा तुमच्या टॅक्समध्ये डिपेंडंट असेल तर त्याच्या परवानगीशिवायही शाळा तुम्हाला दाखवू शकते, दाखवलंच पाहिजे असं नाही. त्यापेक्षा मुलाकडून परवानगीचं पत्रच देऊन ठेवा.

डॉक्टरकडेही तेच होतं. वाढदिवसानंतर रिसेप्शनिस्ट म्हणते पेशंटला फोन द्या, आणि पेशंट फोनवर बोलतच नाही. हिपाचा (पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा कायदा) रिलीज फॉर्म आणि जमत असेल तर हेल्थ केअर पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे त्याच्या उपचाराचे निर्णय तुम्ही घ्यायचा कागद, आधी करून ठेवा.

एसएसआय, म्हणजे अपंगत्वासाठी सरकारकडून मिळणारी महिन्याची मदत, त्यासाठी अठरानंतर आईवडिलांचा पगार धरत नाहीत, त्यामुळे आधी नाकारलं असेल तरी परत अर्ज करा. पन्स, म्हणजे इलिनॉयची मोठेपणीच्या सर्व्हिससाठीची वेटिंग लिस्ट, तिच्यात नाव लहानपणीच घालता येतं, आजच घाला, हे वाचून झाल्यावर.

एच-फोरवर, म्हणजे वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असाल तर शाळेतला स्पेशल एज्युकेशनचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही, त्याची काळजी नको. पण एसएसआय मिळत नाही, आणि मुलाचा एच-फोर २१ ला संपतो तर शाळा बावीसपर्यंत, हे गणित इमिग्रेशनच्या वकिलाबरोबर सोळा-सतराव्या वर्षीच बसून सोडवा.

कॉलेजला जाणार असेल तर तिथे आयईपी नसतो, ५०४ आणि एडीए हे अपंगांशी भेदभाव रोखणारे कायदे लागू होतात आणि डिसॅबिलिटी ऑफिसमध्ये जाऊन मुलाने स्वतः मागावं लागतं.

आणि जॉबमुळे राज्य बदललंत तर डेलिगेशनचा कागद तिकडे चालेल असं समजू नका. टेक्सासमध्ये तर आयईपी मीटिंगचं नावच वेगळं, एआरडी म्हणतात. नव्या डिस्ट्रिक्टला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा की अधिकार कोणाकडे आणि दुसऱ्याला द्यायचे तर कसे.

डेलिगेशन एका वर्षात संपतं हे फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका, शाळा आठवण करेल म्हणून बसू नका. आमचा परवा तिसऱ्यांदा केला. बाबांनी कागद पुढे ठेवला, पेन दिलं, तर पेन हातात धरून तो म्हणाला, स्पीच मंगळवार नको. म्हटलं नाही रे बाबा, गुरुवारी आहे. मग त्याने सावकाश एकेक अक्षर काढत सही केली, आणि एक कॉपी मागून घेतली, ड्रॉवरसाठी.